ओकच्या फांदीवरचं हे फांदीदार शैवाक कोणतं? (फोटोंसह)

ओकतळी

नमस्कार मंडळी,

सॅन होजेच्या पश्चिमेला, सांता क्रूझ डोंगरांच्या पायथ्याशी राहते. मागच्या अंगणात एक जुना, मोठा ओक आहे. परवाच्या वादळात त्याची एक जाड फांदी मोडून पडली. ती उचलायला गेले तर सालीवर राखाडी-हिरव्या रंगाचे झुबकेच झुबके! प्रत्येक झुबका एका जागी सालीला चिकटलेला आणि तिथून बाहेर फुटत गेलेल्या चपट्या फांद्या, त्यांना पुन्हा फांद्या. मान वर करून पाहिलं तर अख्ख्या झाडावर हेच आहे. इतकी वर्षं पानांआड लपलेलं असणार.

बागेचं काम करायला येतात त्यांनी बघितल्या बघितल्या सांगितलं की झाडाला बुरशी चढली आहे, झाड मरायला टेकलंय, तांब्याची फवारणी करून घ्या नाहीतर पुढच्या वर्षी पाडावं लागेल. शेजारच्यांचा ओक हिरवागार आहे आणि आमच्यावर एक पान नाही, त्यामुळे मलाही भीती वाटायला लागली आहे. हे झाड माझ्या मुलांच्या झोपाळ्याचं झाड आहे, ते असं जाऊ द्यायचं नाही.

चार फोटो दिलेत. हे लायकेन म्हणजे शैवाकच आहे ना? नेमकं कोणतं? आणि त्याने झाड मरतं का?

पागोळी

फोटो सुंदर आलेत, विशेषतः दुसरा. शैवाक नक्की. कॅलिफोर्नियाचं राज्य-शैवाक आहे ना, 'लेस लायकेन', तेच असावं. २०१६ पासून त्याला तो मान आहे आणि अमेरिकेत असं राज्य-शैवाक ठरवणारं पहिलं राज्य कॅलिफोर्नियाच.

कोयनाकाठ

मला तर हे उस्निया वाटतंय. महाबळेश्वरला झाडांवर अगदी असेच झुबके बघितलेत.

भिंगवाला

ओकतळीताई, आधी एक दिलासा. फवारणी आज-उद्या करू नका. घाई करण्यासारखं फोटोंत काही दिसत नाही.

आता ओळखीबद्दल. मी सिएटलजवळ राहतो आणि गेली बरीच वर्षं इथली शैवाकं बघतोय. फोटो पाहून एक नाव माझ्या मनात आलंय, पण ते आत्ता सांगत नाही. कारण असं की एकदा नाव कळलं की माणूस वस्तूकडे बघायचं थांबवतो आणि नावाशी जुळेल तेवढंच बघतो. फांदीदार शैवाकांमध्ये तर वरवरचं रूप फार फसवं असतं. पागोळी आणि कोयनाकाठ यांनी सुचवलेल्या दोन्ही प्रजाती तुमच्या भागात खरोखर सापडतात, त्यामुळे दोन्ही शक्यता रास्त आहेत. त्यांच्यातला फरक हात लावून कळतो, फोटोवरून कळायला अवघड.

फांदी तुमच्या अंगणातली आहे म्हणून बिनधास्त हाताळा. (उद्यानांतून आणि राखीव जंगलांतून पडलेला तुकडाही उचलायला बऱ्याच ठिकाणी बंदी असते, तिथे फक्त फोटो.) एक झुबका घ्या आणि एवढं करून बघा:

आधी कोरडा असतानाच उलटा करा. वरची बाजू आणि खालची बाजू एकाच रंगाची आहे की वेगळी?

मग पाणी शिंपडून पाच-दहा मिनिटं थांबा. रंग बदलतो का? आणि ओला झाल्यावर बोटांना कसा लागतो, लुसलुशीत की चिवट, ताठ?

ओली फांदी दोन्ही हातांनी धरून हळूहळू ताणा. बाहेरची साल तुटून आतून पांढरा, लवचीक दोरा दिसतो का?

फांद्यांमध्ये कुठे जाळी आहे का, आरपार भोकं असलेली?

शेवटचं म्हणजे भिंग. दहापटीचं असेल तर उत्तम, नसेल तर फोनचा कॅमेरा जवळ नेऊन. कडांवर किंवा पृष्ठभागावर पिठासारखी भुकटी आहे का? वाटीसारख्या गोल चकत्या आहेत का? कडेला केस आहेत का?

जे दिसेल ते जसंच्या तसं लिहा, नावाचा विचार न करता.

वेलदोडा

अगदी बाळबोध प्रश्न विचारते. हे म्हणजे दगडफुलासारखंच की! गोड्या मसाल्यासाठी इथे दगडफूल मिळवायला मला इंडियन स्टोअर पालथं घालावं लागतं. अंगणात एवढं असेल तर वाळवून, तेलावर भाजून वापरता येईल का?

भिंगवाला

वेलदोडाताई, प्रश्न बाळबोध मुळीच नाही, पण उत्तर स्पष्ट 'नको' असं आहे.

आपल्या बाजारातलं दगडफूल मुख्यतः परमोट्रेमा आणि तिच्या जवळच्या प्रजातींचं असतं, पानांसारखं पसरट, एका बाजूने राखाडी आणि दुसऱ्या बाजूने काळं. पोत्यात त्याबरोबर एव्हर्नियास्ट्रम, रामालिना, उस्निया असं बरंच काही मिसळून येतं हेही खरं. पण कुठलंही शैवाक ओळख पटल्याशिवाय आणि परंपरेने खाल्लं जात असल्याशिवाय तोंडात घालू नये. याच कॅलिफोर्नियात, वर सिएरा नेवाडाच्या पाइन-फरवर लेथारिया नावाचं झगझगीत पिवळं फांदीदार शैवाक वाढतं. त्यात व्हल्पिनिक आम्ल असतं आणि स्कँडिनेव्हियात त्याच्या एका प्रजातीचा वापर लांडगे-कोल्हे मारायला व्हायचा. शिवाय शैवाकांना मुळं नसतात, ती सगळं पोषण पाऊस, धुकं आणि धूळ यांतून घेतात. त्यामुळे रस्त्यालगतच्या झाडावरच्या शैवाकात हवेतले जड धातूही साठलेले असू शकतात.

सूक्ष्मा

यात एक भर घालते. पुण्यात महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत होते, त्यामुळे हा विषय जवळचा.

बऱ्याच फांदीदार, पिवळसर-हिरव्या शैवाकांत उस्निक आम्ल असतं. ते 'नैसर्गिक' म्हणून वजन कमी करण्याच्या गोळ्यांत घातलं जायचं. अशा गोळ्या घेतलेल्या लोकांच्या यकृताला गंभीर इजा झाल्यावर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००१ मध्ये त्याबद्दल इशारा दिला होता. मसाल्यातलं चिमूटभर दगडफूल आणि गोळीतलं शुद्ध आम्ल यांची तुलना होत नाही, हे मान्य. पण अंगणातलं अनोळखी शैवाक घरच्या मसाल्यात नको, या मताला माझा पूर्ण पाठिंबा.

ओकतळी

सगळ्यांचे आभार! भिंगवाला, तुम्ही सांगितलं तसं सगळं करून बघितलं. मुलीने वहीत नोंदी केल्या, त्या इथे उतरवते.

रंग: कोरडा असताना वरून राखाडी-हिरवा, थोडा पिवळसर. खालून पांढरा! फरक अगदी स्पष्ट आहे. काही टोकांशी खालची बाजूही हिरवट दिसते, पण झुबक्याच्या बुडाकडे पांढरीच.

पाणी शिंपडल्यावर वरची बाजू बघता बघता हिरवी झाली. खालची पांढरीच राहिली.

स्पर्श: ओला झाल्यावर अतिशय मऊ, लोळागोळा होणारा. कोरडा असतानाही ठिसूळ नाही.

ताणून बघितलं. फांदी सरळ तुटली. दोरा वगैरे काही नाही, आत पांढरा कापूस.

जाळी कुठेही नाही.

फांद्या चपट्या पट्ट्या आहेत, रुंदी साधारण २ ते ४ मिलिमीटर. प्रत्येक पट्टी दोनात फुटते, ती पुन्हा दोनात. टोकं सांबराच्या शिंगांसारखी दिसतात. सर्वांत मोठा झुबका ७ सेंटिमीटर लांब भरला.

भुकटी आहे! कडांवर, आणि जुन्या पट्ट्यांच्या वरच्या अंगावरही, अनियमित ठिपक्यांत. बोटाला लागते. चकत्या एकही सापडली नाही. केस नाहीत. वरच्या बाजूला भिंगातून बारीक सुरकुत्या आणि खाचखळगे दिसतात.

भिंगवाला

ताई, तुमच्या मुलीला माझ्याकडून शाबासकी. हे वर्णन इतकं नेमकं आहे की फोटो नसते तरी चाललं असतं.

आता नाव: एव्हर्निया प्रुनास्ट्री. इंग्रजीत 'ओकमॉस' म्हणतात, मात्र हे मॉस नव्हे.

नाव का ठरलं ते नावापेक्षा महत्त्वाचं आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

दोरा नाही, त्यामुळे उस्निया बाद. उस्नियाच्या प्रत्येक फांदीच्या मध्यातून एक चिवट पांढरा अक्ष जातो. ओली फांदी ताणली की बाहेरची साल कड्याकड्यांनी तुटते आणि आतला अक्ष ताणलेला दिसतो. ही खूण जगात कुठेही चालते. शिवाय उस्नियाची फांदी गोल असते, पट्टी नसते.

जाळी नाही, त्यामुळे लेस लायकेन बाद. त्याचं नाव रामालिना मेंझिएसाय. त्याच्या पट्ट्यांची टोकं पसरून खरोखरची जाळी विणली जाते आणि मोठी झालेली झालर फांदीवरून लोंबत राहते. समुद्राकडून धुकं येतं त्या पट्ट्यात, खाली बाहा कॅलिफोर्नियापासून वर अलास्कापर्यंत ते आहे. तुमच्या झाडावर तेही निघायची दाट शक्यता आहे, वरच्या फांद्यांवर लक्ष ठेवा.

राहिली खरी चुरस: रामालिनाच्या जाळी नसलेल्या प्रजाती, विशेषतः रामालिना फॅरिनेशिया. तीही ओकवर वाढते, तिलाही चपट्या पट्ट्या, तिच्याही कडांवर भुकटी. फोटोत दोघी शेजारी ठेवल्या तर भलेभले गोंधळतात. इथे खालची बाजू निकाल देते.

शैवाक म्हणजे बुरशी आणि तिच्या आत राहणारं हिरवं शेवाळ यांची जोडी. रामालिनाच्या पट्टीत शेवाळाच्या पेशी दोन्ही बाजूंना असतात, म्हणून ती उलटसुलट कशीही धरली तरी रंग तोच. शिवाय तिच्या सालीच्या आत चिवट, आधार देणाऱ्या धाग्यांचा थर असतो, त्यामुळे ती ओली असतानाही ताठ राहते. एव्हर्निया प्रुनास्ट्रीत शेवाळ मुख्यतः वरच्या बाजूला असतं, म्हणून खालची बाजू पांढरी. आणि तो आधाराचा थर नसल्यामुळे ती ओली झाली की लुळी पडते. म्हणजे पांढरेपणा आणि मऊपणा या दोन्ही खुणा आतल्या रचनेतूनच आलेल्या आहेत, म्हणून त्यांच्यावर भरवसा ठेवता येतो. रंगाची छटा, झुबक्याचा आकार, लांबी यांच्यावर तेवढा ठेवता येत नाही. त्या उजेड, ओलावा आणि वयाप्रमाणे बदलतात.

भुकटीची जागाही जुळते. रामालिना फॅरिनेशियात ती कडांवर, आखीव लंबगोल ठिपक्यांत असते. इथे ती वरच्या पृष्ठभागावरही पसरली आहे, जशी मुलीने नोंदवली.

युरोपात आणखी एक जुळी दिसणारी आहे, स्यूडेव्हर्निया फुर्फुरेशिया. तिची खालची बाजू पन्हाळीसारखी आणि वाढत्या वयात काळी होत जाते, म्हणून तीही इथे बसत नाही.

कोयनाकाठ

वा! खूपच शिकायला मिळालं. वाचनखूण साठवली.

एक शंका. ती भुकटी म्हणजे बीज का? आणि पाणी घातल्यावर लगेच हिरवं होतं म्हणजे ते सुकून मेलेलं पुन्हा जिवंत होतं का?

सूक्ष्मा

याचं उत्तर मी देते, भिंगवाला परवानगी देतील असं धरते.

शैवाक हा एकटा जीव नाही. एक बुरशी आणि तिच्या आत राहणारं शेवाळ, अशी ती जोडी असते. हे स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ सिमॉन श्वेंडेनर यांनी १८६० च्या दशकात मांडलं, तेव्हा त्या काळच्या मोठमोठ्या शैवाकतज्ज्ञांनी ते साफ झिडकारलं होतं. एव्हर्नियातलं शेवाळ ट्रेबूक्सिया नावाच्या हिरव्या, एकपेशीय गटातलं आहे. बुरशी घर बांधते, ओल धरून ठेवते. शेवाळ उजेडात साखर बनवतं.

अलीकडे ही गोष्ट आणखी गुंतागुंतीची झाली. २०१६ मध्ये टोबी स्प्रिबिल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की अनेक शैवाकांच्या सालीत यीस्टच्या रूपातली दुसरी बुरशीही असते. दीडशे वर्षं सूक्ष्मदर्शकाखाली बघूनही ती कुणाच्या लक्षात आली नव्हती.

आता भुकटी. ते बीज नव्हे. प्रत्येक कण म्हणजे शेवाळाच्या काही पेशी आणि त्यांच्याभोवती गुंडाळलेले बुरशीचे धागे. दोघेही भागीदार एकाच पुडीत. वाऱ्याने, पावसाने, पक्ष्याच्या पायाला लागून ती दुसऱ्या सालीवर पडली की तिथे नवं शैवाक सुरू होऊ शकतं. चकत्यांमधून बुरशीचे बीजाणू सुटतात, पण त्यांना नवीन जागी आपलं शेवाळ नव्याने शोधावं लागतं. एव्हर्निया प्रुनास्ट्रीवर चकत्या क्वचितच दिसतात, तिचा सगळा भर भुकटीवर. म्हणून ओकतळीताईंना एकही चकती मिळाली नाही.

सुकल्यावर ते मरत नाही, थांबतं. कोरडी साल अपारदर्शक असते म्हणून राखाडी दिसतं. ओली झाली की ती पारदर्शक होते आणि आतलं शेवाळ दिसतं. कॅलिफोर्नियाचा कोरडा उन्हाळा ते असाच थांबून काढतं आणि हिवाळ्याच्या पावसात वाढतं. आपल्याकडच्या सड्यांवरची शैवाकंही मार्च ते मे अशीच काढतात, फक्त ऋतू उलटे.

अत्तरदाणी

ओकमॉस!! धागा उघडला तेव्हा कल्पना नव्हती की इथे माझ्या आवडीची वस्तू निघेल.

मंडळी, अत्तराच्या दुनियेत या शैवाकाला फार मोठं स्थान आहे. पूर्वीच्या युगोस्लाव्हियातल्या ओकच्या जंगलांतून ते गोळा करून फ्रान्समधल्या ग्रास गावी पाठवलं जायचं. तिथे द्रावकाने अर्क काढायचे. ताजं असताना त्याला फारसा वास नसतो. साठवण आणि प्रक्रियेत त्यातली आम्लं फुटतात आणि मग तो ओल्या जंगलाचा, खोडाचा, किंचित समुद्राचा वास तयार होतो. १९१७ मध्ये फ्रान्स्वा कोती यांनी 'शिप्र' नावाचं अत्तर आणलं: वर बर्गामोट (लिंबाच्या जातीचं फळ), मध्ये फुलं, खाली लॅब्डॅनम (एका झुडपाचा सुगंधी राळेसारखा डिंक) आणि ओकमॉस. पुढे त्या रचनेवर अत्तरांचं एक अख्खं घराणं उभं राहिलं.

दुःखाची बाब अशी की अर्कात अ‍ॅट्रानॉल आणि क्लोरोअ‍ॅट्रानॉल ही दोन द्रव्यं असतात आणि ती त्वचेला तीव्र अ‍ॅलर्जी करतात. युरोपीय संघाने २०१७ मध्ये त्यांच्यावर सौंदर्यप्रसाधनांत बंदी आणली. आता ती द्रव्यं काढून टाकलेला अर्क वापरतात. जुन्या बाटलीतला 'शिप्र' ज्यांनी हुंगलाय त्यांना फरक कळतो. ज्यांच्या त्वचेवर पुरळ उठायचं त्यांच्यासाठी मात्र हा बदल हवाच होता.

आणि हे फक्त फ्रेंच नव्हे. आपल्याकडे कनौजच्या हिना अत्तरात छरीला पडतो. छरीला म्हणजे वेलदोडाताईंच्या डब्यातलं दगडफूल.

वेलदोडा

हे माहीतच नव्हतं! म्हणूनच गोड्या मसाल्याला तो शेवटी रेंगाळणारा वास येतो तर. मसाला करताना आमच्याकडे दगडफूल सगळ्यात शेवटी आणि मंद आचेवर भाजतात, करपलं की सगळा मसाला गेला.

ओकतळी

नाव कळल्याचा आनंद खूप झाला. पण माझा मूळ घोर अजून आहे. बुरशी आहे हे तर तुम्ही सगळ्यांनीच मान्य केलंत. मग झाड?

भिंगवाला

ताई, बरोबर विचारलंत, तो भाग राहून गेला.

बुरशी आहे, पण झाड खाणारी नव्हे. तिचं जेवण तिच्या पोटातलं शेवाळ बनवतं. एव्हर्निया एका छोट्या बुडाने मृत सालीला धरून बसते, झाड तिला फक्त उंच, उजेडाची जागा देतं. ओकवर दिसणारं मिसलटो याच्या उलट आहे. ते झाडाच्या आत शिरून पाणी आणि क्षार ओढतं. हिवाळ्यात निष्पर्ण ओकवर हिरव्या पानांचे गोल गठ्ठे दिसले तर ते मिसलटो.

आजारी किंवा वाळक्या फांदीवर शैवाक जास्त दिसतं हे खरं, आणि तिथूनच गैरसमज होतो. पानं कमी झाली की उजेड वाढतो आणि उजेड वाढला की शैवाक वाढतं. आधी फांदी कमकुवत होते, मग शैवाक फोफावतं, आणि बघणारा क्रम उलटा लावतो.

आता तुमच्या झाडाला पानं का नाहीत? तुमच्या चौथ्या फोटोत जमिनीवर पडलेलं जुनं पान दिसतंय, खोल खाचांचं, गोलसर पाळ्यांचं. तो व्हॅली ओक आहे. फक्त कॅलिफोर्नियातच आढळणारा, आणि दर हिवाळ्यात पानं गाळणारा. शेजाऱ्यांचा बहुधा कोस्ट लाइव्ह ओक असेल, तो बाराही महिने हिरवा. जानेवारीत दोन्हींची तुलना केली तर तुमचं झाड मेल्यासारखंच वाटणार. मार्चमध्ये बघा.

ओकचा जो खरा धोकादायक रोग तुमच्या भागात आहे त्याला 'सडन ओक डेथ' म्हणतात. फायटोफ्थोरा रामोरम नावाच्या सूक्ष्मजीवामुळे होतो, १९९० च्या दशकात मरीन परगण्याकडे पहिल्यांदा लक्षात आला. तो कोस्ट लाइव्ह ओक आणि टॅनओकला मारतो, व्हॅली ओकला होत नाही. त्यात खोडाच्या सालीतून काळपट-लाल द्राव पाझरतो. शेजाऱ्यांनी आपल्या झाडाचं खोड तेवढं बघून घ्यावं.

तांब्याच्या फवारणीने शैवाक मरेल, यात शंका नाही. पण तांबं पावसाबरोबर ओढ्यात जाईल आणि तिथल्या जिवांना ते विषारी आहे. ज्याने झाडाचं काही बिघडवलेलं नाही त्याच्यासाठी हे करू नये, असं माझं ठाम मत आहे.

शैवाकाचा झाडाला काही उपयोग होतो का, यावर तुमच्याच राज्यात फार चांगलं काम झालंय. कार्मेल व्हॅलीतल्या हेस्टिंग्ज राखीव क्षेत्रात योहानेस नॉप्स आणि सहकाऱ्यांनी ब्लू ओकच्या काही झाडांवरचं शैवाक काढून टाकलं आणि बाकीच्यांवर ठेवून तुलना केली. १९९६ मध्ये ते प्रसिद्ध झालं. शैवाक धुक्यातून आणि धुळीतून नत्र व इतर पोषकद्रव्यं पकडतं, आणि पावसाबरोबर किंवा स्वतः गळून पडून ती झाडाखालच्या मातीत जातात. म्हणजे शैवाक असलेल्या ओकखाली खत जास्त पोचतं. गळलेलं शैवाक हरणंही खातात. तुमच्या अंगणात येणारा अ‍ॅनाज हमिंगबर्ड घरटं बांधताना शैवाकाचे बारके तुकडे कोळ्याच्या जाळ्याने बाहेरून चिकटवतो, फेब्रुवारीत लक्ष ठेवलंत तर दिसेल.

फांदी का मोडली ते मात्र परवानाधारक वृक्षतज्ज्ञाला दाखवा. जुन्या झाडाची मोठी फांदी पडणं ही वेगळी बाब आहे.

सूक्ष्मा

मी यात एवढंच जोडेन की झाडावर फांदीदार शैवाक भरभरून असणं ही हवेची पावती आहे.

फिनलंडचे विल्यम नायलँडर यांनी १८६६ मध्ये पॅरिसमध्ये पाहिलं की लक्झेंबर्ग बागेत जी शैवाकं टिकून आहेत ती शहरात इतरत्र गेली आहेत. हवा किती निरोगी आहे ते शैवाकं दाखवतात, असं त्यांनी तेव्हाच म्हटलं. शैवाकावर पानासारखं मेणाचं आवरण नाही, त्यामुळे हवेत जे असेल ते आत शिरतं. १९७० मध्ये हॉक्सवर्थ आणि रोझ यांनी इंग्लंड-वेल्ससाठी झाडांवरच्या शैवाकांवरून सल्फर डायऑक्साइडचं प्रमाण ताडायची श्रेणी तयार केली. त्यात सर्वांत स्वच्छ हवेच्या टोकाला फांदीदार शैवाकं होती.

कॅलिफोर्नियातही हे घडलंय. लॉस एंजेलिसच्या आसपासच्या डोंगरांतली शैवाकं हॅसे नावाच्या अभ्यासकाने १९१३ मध्ये नोंदवून ठेवली होती. १९८३ मध्ये सिगल आणि नॅश यांनी तिथल्या सूचिपर्णी झाडांवर पुन्हा पाहिलं, तेव्हा जवळपास निम्म्या प्रजाती नाहीशा झाल्या होत्या. मुख्य संशय धुरक्यातल्या ओझोनवर होता.

शैवाकावर रसायनाचा थेंब टाकून रंग बदलतो का ते बघायच्या, ओळखीसाठीच्या चाचण्याही नायलँडर यांनीच सुरू केल्या. भिंगवाला, तुम्ही त्या केल्या आहेत का या प्रजातीवर?

भिंगवाला

हो. पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब वरच्या सालीवर टाकला की पिवळा होतो, अ‍ॅट्रानोरिनमुळे. साल खरवडून आतल्या पांढऱ्या भागावर टाकला तर काही होत नाही. ब्लीचनेही आत काही होत नाही. एव्हर्नियासाठी या चाचण्या पुष्टीपुरत्या, भिंग आणि बोटं पुरतात. उस्निया आणि रामालिना प्रजातीपर्यंत न्यायच्या असतील तर मात्र रसायनाशिवाय पुष्कळदा अडतं. घरी कुणी करणार असाल तर उघड्यावर, हातमोजे आणि चष्मा घालून, आणि दोन द्रावणं कधीही एकमेकांत मिसळू नका.

कोयनाकाठ

काल महाबळेश्वरला जाणं झालं. रस्त्याकडेला वाऱ्याने पडलेल्या काटकीवरचा झुबका पाण्याच्या बाटलीने भिजवून ताणला. साल तुटली आणि आत पांढरा दोरा, स्पष्ट! खाली-वर रंग एकच, फांद्या गोल. त्याच झाडावर दुसरा एक झुबका होता: चपट्या पट्ट्या, दोन्ही बाजू हिरवट, ओल्या असूनही ताठ, दोरा नाही. इतकी वर्षं मी दोन्हींना एकच समजत होतो.

भिंगवाला

पहिला उस्निया, दुसरा रामालिना. सह्याद्रीत घाटमाथ्यावर झाडावर फांदीदार झुबका दिसला की या दोन गटांचा विचार आधी करावा. प्रजातीचं नाव इथून सांगणार नाही. उस्नियाच्या प्रजाती तर ओळखायला फारच कठीण.

सूक्ष्मा

कोयनाकाठ, पश्चिम घाटातली शैवाकं हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचा जुना अभ्यासविषय आहे. पटवर्धन, मखिजा यांच्यासारख्यांनी तिथे आयुष्य घालवलंय आणि नमुन्यांचा संग्रहही आहे. १९८६ मध्ये पश्चिम घाटातून उस्निया घाटेन्सिस ही प्रजाती वर्णन केली गेली. पुढे तिथल्याच प्रयोगशाळेत तिचं संवर्धन करून तिच्यातल्या द्रव्यांचा अभ्यास झाला. तुमच्या नोंदी, ठिकाण, उंची, यजमान झाड सगळं लिहून ठेवा. आपल्याकडे अशा नोंदी करणारी माणसं फार थोडी आहेत आणि दर वर्षी घाटरस्ते रुंद होताना जुनी झाडं जात आहेत. काय गेलं हे कळायला आधी काय होतं ते लिहिलेलं हवं.

ओकतळी

वृक्षतज्ज्ञ येऊन गेल्या. झाड व्हॅली ओकच आहे आणि ठणठणीत आहे. मोडलेल्या फांदीच्या बुडाशी जुनी जखम होती, कधीतरी चुकीची छाटलेली, तिथून आतून कुजत गेली होती. शैवाकाकडे बघून त्या हसल्या आणि 'ठेवा' म्हणाल्या. फवारणी रद्द.

मुलीला ही नोंद आयनॅचरलिस्टवर, म्हणजे निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर, टाकायची आहे. तिने वर्णन इंग्रजीत केलंय, मी ते मराठीत करून इथे देते. तपासून द्याल का?

"एव्हर्निया प्रुनास्ट्री. व्हॅली ओकच्या पडलेल्या फांदीवर, घराचं अंगण, सांता क्रूझ डोंगरांचा पूर्व पायथा. झुबके ७ सेंमी.पर्यंत, एकाच बुडाने सालीला चिकटलेले. फांद्या चपट्या, २-४ मिमी. रुंद, वारंवार दोनात विभागलेल्या. वरची बाजू पिवळसर राखाडी-हिरवी, सुरकुतलेली, ओली झाल्यावर हिरवी. खालची बाजू पांढरी. मऊ, मध्ये अक्ष नाही. भुकटी कडांवर व वरच्या पृष्ठभागावर. चकत्या आढळल्या नाहीत. कडेला केस नाहीत. रासायनिक चाचणी केलेली नाही."

भिंगवाला

एक शब्दही बदलायला नको. शेवटचं वाक्य तर आवर्जून ठेवा. काय केलं नाही हेही लिहिलेलं असलं की पुढचा अभ्यासक नोंदीवर विश्वास ठेवतो.

दोन गोष्टी जोडा: तारीख, आणि फांदी जमिनीपासून अंदाजे किती उंचीवरून पडली ते. फोटोंत खालच्या बाजूचा एक हवाच, शेजारी पट्टी ठेवून. या प्रजातीच्या बहुतेक नोंदी तिथेच अडकतात, वरून काढलेले दहा फोटो असतात आणि उलटा करून काढलेला एकही नसतो.

ओकतळी

पट्टीसह काढलेला फोटो चढवला. आणि पागोळी, सर्वांत वरच्या फांदीवर दुर्बिणीतून खरोखर जाळी दिसतेय. लेस लायकेनसाठी वेगळा धागा काढते.